किटलीतला थर

"मग सांगू तरी काय तिला?" जमालशा फकिरानं विचारलं.

"सांगा, पाणी सुधारलं."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? त्या पाण्यापायीच तर माहेरी गेली ना ती!"

विश्वंभर काळदातेचं हे बोलणं निम्मंच खरं होतं, आणि निम्मं खरं बोलणाऱ्याचा आवाज जरा जास्तच चढतो. फकिराच्या झोपडीवरची कबुतरं उडाली.

बालाघाटाच्या पायथ्याचं हे गाव. नळाला बोअरचं पाणी. जड म्हणजे किती जड, तर साबण घासून हात दुखतो पण फेस येत नाही, उलट नासक्या दुधासारखा चोथा होतो. अंघोळ करून उठलं की अंगावर मीठ सांडल्यासारखं पांढरं. बायकांचे केस गळतात, नळाच्या तोट्या गच्च होतात. आणि तोट्या गच्च झाल्या की विश्वंभराचं नळ-पाइपाचं दुकान चालतं. म्हणून त्यानं या पाण्याला कधी नावं ठेवली नाहीत.

नावं ठेवली ती बायकोला.

सोजर गंगथडीची. माहेरी गोदावरीच्या पाण्यात तुरीची डाळ चुलीवर ठेवायचा अवकाश, मेणासारखी व्हायची. इथं शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाणा दाताखाली कच्चा. बिचारीनं रात्री भिजवून पाहिली, सोडा घालून पाहिला. गेल्या दिवाळीत व्याही जेवायला बसलेले, विश्वंभरानं ताट पुढं सरकवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नातवंडं झाली, पण हिच्या आईनं हिला डाळ काही शिकवली नाही."

सोजरची आई त्याच वर्षी श्रावणात गेली होती.

सोजर उठली. भांडी घासली, पालथी घातली आणि सकाळच्या एसटीनं माहेरी गेली.

मग विश्वंभर झक मारत स्वतः डाळ लावायला लागला. त्याचीही शिजली नाही.

"आता जड पाणी हलकं करायचं मशीन बसवलंय," तो फकिराला सांगत होता. "सगळ्या घराला. काल डाळ लावली. शिजली हो बाबा. अशी शिजली की..."



"मग खाल्लीस?"

"नाही."

"का रे?"

"तिनं चाखली नाही ना अजून."

विश्वंभरानं पायरीकडं पाहिलं.

सोजर दर गुरुवारी इथं ऊद लावायला यायची. पायरीच्या डाव्या कोपऱ्यात चपला काढायची. आज विश्वंभरानं तेवढी जागा मोकळी सोडून आपले जोडे पलीकडे काढले होते. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुमचा शब्द ती मोडायची नाही," तो म्हणाला. "तुम्हीच निरोप धाडा. मी गेलो असतो, पण... दुकान कुणावर टाकू?"

"खरंय. दुकान आहे."

फकिरानं चुलीमागून किटली ओढली. "चहा टाकू. तुझं ते पाणी आणलंयस का?"

आणलं होतं. मशीनचं पाणी बाटलीत घेऊनच तो हिंडायचा, गावाला दाखवायला. त्यानं बूच काढलं. किटलीत आत सगळीकडून पांढरा, खरखरीत थर बसलेला, तळ दिसत नव्हता.

"ओत."

त्यानं ओतलं.

फकिरानं किटली हिंदकळवली, आत डोकावला, परत हिंदकळवली.

"थर आहे तसाच की रे! चांगलं पाणी म्हणत होतास ना?"

"पाणी चांगलंच आहे!" विश्वंभर उसळला. "पण आधीचा बसलेला थर नुसत्या चांगल्या पाण्यानं कसा जाईल? एवढंही कळेना का तुम्हाला?"

"नाही कळत. मग कशानं जातो?"

"चिंच लागते. कोळ चोळायचा आणि मग बसून घासायचं. सोजर घासायची ना. दर अवसेला सगळे हंडे घेऊन मोरीत बसायची. खर्र खर्र, खर्र खर्र... डोकं उठायचं माझं. बंद कर म्हणून ओरडायचो. बोटं सोलायची तिची, तरी ती..."



मशीन अजिबात आवाज करत नाही. विकणाऱ्यानं तेच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. रात्री घर असं गप्प पडायचं, की विश्वंभर उगीच उठून मोरीतला दिवा लावून बघायचा.

फकिरानं कोनाड्यातून चिंचेचा गोळा काढला आणि त्याच्यापुढं ठेवला.

विश्वंभरानं आपलं चांगलं पाणी अंगणात ओतून दिलं. बाह्या वर केल्या. चिंच कुस्करली, किटलीत हात घातला आणि घासायला लागला. असा घासायला लागला, की मनगटाला कड लागून सालटं निघालं तरी त्याला पत्ता नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं खांद्याला पुसलं.

"लख्ख करून देतो बाबा," तो म्हणाला. "तळ दिसेल असा. मग तर धाडाल ना निरोप?"

फकीर उठला. त्याच्या हातातून किटली काढून घेतली.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "तुझी गंगथडीला."