भिवाजीची पहिली काठी

कोणे एके काळी, ओढ्यांवर पूल नव्हते आणि माणसं वेळूची काठी पाण्यात टेकून पलीकडे उड्या मारत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरका, मोठ्यांनी जरा गप्प बसा. सांगताना माझंच काळीज धडधडायला लागतं, तर तुमचं काय होईल!

एका ओढ्याचे दोन फाटे होते आणि मधे एक बेट. बेटावर कंबरेइतकं हिरवंगार गवत. अलीकडच्या काठावर एक गाव, पलीकडच्या काठावर दुसरं. या गवतावर कुणाची गुरं चरायची, यावरून पूर्वी डोकी फुटत. शेवटी शहाण्या माणसांनी एक रीत घातली. दरवर्षी जत्रेच्या दिवशी दोन्ही गावांतून एकेक नवखा उभा करायचा, ज्यानं जत्रेत आधी कधीच उडी मारली नाही असा. जो काठी टेकून कोरड्या पायांनी बेटावर उतरेल, त्याच्या गावाचं कुरण वर्षभर. पण एखादं गाव सलग तीन वर्षं चुकलं, तर कुरणावरचा त्याचा हक्क कायमचा गेला.

आणि अलीकडचं गाव दोन वर्षं चुकलं होतं!

कशामुळे? तर भिवाजीमुळे. भिवाजी म्हणजे या गावाचा जुना उडीबहाद्दर. गावाखालचा अफाट डोह त्यानं एका झेपेत पार केला होता. त्याची बारा हाती, मनगटाएवढी जाड काठी देवळात टांगलेली होती. तिला दर महिन्याला तेल पाजत आणि सणाला हार घालत. गावाची समजूत अशी की, नवख्याच्या हातात ती काठी दिली की भिवाजीचं बळ आपोआप त्याच्या अंगात येतं. पहिल्या वर्षी एक पैलवान पोरगा ती घेऊन धावला आणि धप्पदिशी पाण्यात पडला. दुसऱ्या वर्षी त्याच्याहून दांडगा धावला आणि त्याच्याहून जोरात पडला. गाव म्हणालं, पोरांतच दम नाही. काठीला दोष द्यायची कुणाची छाती?

तिसऱ्या वर्षी उभं राहायला कुणीच तयार होईना. पाटलांनी चावडीवर तीनदा विचारलं. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी जाते."

ती हौसा होती. चौदा वर्षांची, काटकुळी, झाडावर सरसर चढणारी. तिच्या घरी ढवळी नावाची गाय होती आणि ढवळीच्या फासळ्या आता लांबून मोजता येत होत्या. रोज संध्याकाळी ती गाय ओढ्याकाठी उभी राहून बेटावरच्या गवताकडे बघायची, आणि ते हौसाला बघवत नसे.

"तू?" पाटील हसले. "अगं, वाऱ्यानं उडशील!"

"मग बरंच की, उडायचंच आहे ना?" हौसा म्हणाली.

चावडी खदखदून हसली. दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून पाटलांनी होकार दिला आणि सरावासाठी भिवाजीची काठी देवळातून काढून तिच्या हाती सोपवली.

काय तो आनंद! थोरली काठी आपल्या हातात! हौसानं ती कशीबशी उचलली आणि वाळूत धाव घेतली. काठीचं टोक रोवलं, अंग झोकून दिलं... आणि काठी जागची हलेना. ती ना वाकली, ना पुढे गेली. हौसा वर लोंबकळत राहिली आणि मग पाठीवर आपटली. पुन्हा धावली, पुन्हा आपटली. सात वेळा आपटल्यावर तिला रडू कोसळलं. आता ढवळीचं काय होणार, हा एकच विचार तिच्या डोक्यात घुमत होता.

"झालं का रडून?" मागून कुणीतरी विचारलं.

ती गोजराबाई बुरडीण होती, गावच्या सुपल्या-टोपल्या विणणारी. जीभ तिखट, पण हात असा की वेळूवर नुसती बोटं फिरवून त्याचं वय सांगायची.

"माझ्यातच दम नाही, मावशी," हौसा हुंदके देत म्हणाली.

"दमाचं नंतर बघू. तुझं वजन किती?"

"काय माहीत!"

"ते माहीत नाही आणि निघाली उडायला! चल माझ्या अंगणात."

अंगणात माल तोलायचा मोठा ताजवा होता. गोजराबाईनं एका पारड्यात हौसाला बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात पोतं ठेवून त्यात ज्वारी ओतत राहिली. दोन्ही पारडी समोरासमोर आली, तसं तिनं पोत्याचं तोंड बांधलं. "ही बघ, ही तू," ती म्हणाली.

मग तिनं दोन दगडांवर एक जाड वेळू आडवा ठेवला आणि मधोमध ते पोतं टांगलं. वेळू तसूभरही वाकला नाही.

"हा तुला ओळखतच नाही. तुझी थोरली काठी याच जातीची. भारी माणसाशिवाय कुणापुढे वाकायची नाही, आणि वाकलीच नाही तर तुला पुढे फेकणार कशी?"

दुसरा वेळू कोवळा होता. पोतं टांगताच तो जमिनीला टेकला आणि कडकन मोडला.

"हा फारच नमतो. हा घेशील तर मधल्यामधे बुडशील."

तिसरा वेळू आठ हाती होता. पोतं टांगलं, तसा तो वीतभर वाकला. गोजराबाईनं पोतं काढलं मात्र, वेळू ताड्‌दिशी सरळ झाला! हौसाच्या अंगावर काटा आला. "हा! मावशी, हाच!" ती ओरडली आणि रडणं कुठल्या कुठे पळालं.

"थांब, नाचू नकोस. काठी उभी धर. टाचा उचलून हात वर कर. पोचला तिथून एक वीत वर पकडायचं, त्याच्या वर नाही. हाव करशील तर खाली येशील."

हौसानं वाळूत धाव घेतली, टोक रोवलं, आणि अहो काय सांगू! काठी वाकली, क्षणभर थांबली, आणि तिनं हौसाला असं भिरकावलं की खाली उतरल्यावर तिला हसूच आवरेना. त्या दिवशी तिनं चाळीस उड्या मारल्या. पुढचे आठ दिवस तेच. जेवायला हाका माराव्या लागत.

जत्रेचा दिवस उजाडला. हलगी कडाडत होती, दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. पहिली पाळी पलीकडच्या गावाची. दोन वर्षं जिंकून ते गाव चढून गेलं होतं. यंदा त्यांनीही भिवाजीच्या तोडीस तोड म्हणून बारा हाती काठी बनवली होती आणि तिला रंगीत गोंडे बांधले होते. त्यांचा उमदा पोरगा धावत आला, त्यानं काठी टेकवली, काठी ताठच्या ताठ उभी राहिली, आणि पोरगा गोंड्यांसकट पाण्यात! एकच हशा उसळला.

आता हौसाची पाळी. पाटलांनी हार घातलेली थोरली काठी सगळ्यांदेखत तिच्यापुढे धरली.

"घे पोरी. भिवाजीचं नाव राख."

हौसानं काठीला हात जोडले, पण ती घेतली नाही. तिनं आपली आठ हाती काठी पुढे केली.

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ही काठी की ताक घुसळायची रवी?"

पाटील लाल झाले. "भिवाजीची काठी नको म्हणतेस? गाव बुडवायला निघालीस?"

हौसा म्हणाली, "पाटील, एक विचारू? भिवाजीबाबांनी त्यांची पहिली उडी कोणत्या काठीनं मारली होती?"

पाटलांनी पुजाऱ्याकडे बघितलं. पुजाऱ्यानं म्हाताऱ्यांकडे बघितलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते एकमेकांकडे बघतायत तोवर हौसा धावली! हलगी थांबली, माणसांनी श्वास रोखले. टोक फाट्याच्या मधोमध रुतलं, काठी वाकली, थोडी आणखी वाकली, आणि ताड्‌दिशी सरळ झाली! हौसा पाण्यावरून गेली आणि बेटावरच्या गवतात दोन्ही पायांवर उतरली. पाय कोरडे ठणठणीत!

मग काय विचारता! टोप्या उडाल्या, हलगीवाला हलगी सोडून नाचायला लागला. पाटील ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हौसा काठीसकट अलीकडे परतली, तेव्हा त्या गोंधळात गोजराबाई एक काळपट जुना वेळू घेऊन पुढे आली. त्यावर कुणाचं तरी ओलं धोतर अजून लटकत होतं.

"ही माझी वलणी. चार पिढ्या हिच्यावर धुणं वाळतंय," ती म्हणाली. "माझ्या पणज्यानं भिवाजीला सात काठ्या करून दिल्या. देवळात टांगलीत ती सातवी. ही पहिली, बुडाशी पणज्यानं कोरलेली एका रेघेची खूण बघा. नवीन काठी घेताना जुनी तो आमच्या अंगणात टाकून जायचा."

तिनं धोतर झटकून खांद्यावर घेतलं आणि ती वलणी हौसाच्या काठीशेजारी उभी केली. दोन्हींची टोकं एकाच उंचीवर आली.

पाटलांनी स्वतःच्या हातानं थोरल्या काठीचा हार काढला आणि वलणीला घातला.

आता त्या देवळात दोन काठ्या टांगलेल्या असतात, आणि खाली एक ताजवा, दोन दगड आणि एक रिकामं पोतं. दर जत्रेआधी दोन्ही गावांचे नवखे तिथे येतात आणि आधी आपलं वजन करून घेतात. बहुतेक वर्षी दोघंही कोरड्या पायांनी उतरतात आणि कुरण अर्धं अर्धं वाटलं जातं. ढवळी इतकी गुटगुटीत झाली की तिला गोठ्याचं दार पुरेना. हौसा पुढे दहा, मग बारा हाती काठीपर्यंत पोचली आणि एके दिवशी डोहही ओलांडून गेली. पण ते पुढे, बऱ्याच वर्षांनी.

तात्पर्य : थोरांनी शेवटी हाती घेतलेली काठी पुजावी, पण उडायला शिकताना त्यांच्या पहिल्या काठीएवढीच, आपल्या वजनाला वाकणारी काठी धरावी.