डोळ्यांच्या गाडीचा खण

"हिरवा दिवा लागलाय, वस्ताद. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

 गाडीच्या डाव्या अंगाला तळहात टेकवून इमाम वस्ताद नुसते उभे होते.

सुयोगनं घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते.

गाडी म्हणजे डोळ्यांची गाडी. सगळा मुलूख तिला तसंच म्हणायचा. मोतीबिंदूची ऑपरेशनं करत ती गावोगाव फिरे. आत टेबल, दिवे, यंत्रं मांडायला जागा हवी, म्हणून तिची अख्खी डावी बाजू कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकायची. उभी असली की गाडीला एक खोली वाढे. निघताना खण आत ओढायचा, पुढं-मागं दोन लोखंडी अडसर भोकांत सारायचे, आणि चालकापुढचा दिवा हिरवा झाला की निघायचं. खण नीट बसला नसेल तर दिवा लाल व्हायचा आणि भोंगा बोंबलायचा. पाऊण टन वजनाचा हा खण वस्तादांनी मिरजेजवळच्या आपल्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधला होता.

सुयोग मगदूम त्यांच्या हाताखाली दोन वर्षं होता. पोरगा हुशार, डिप्लोमा झालेला. वायरिंग तर असं करायचा की बघत राहावं. पण आपल्याला येतं हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, आणि तिथंच सगळा घोटाळा होता.

गाडी सुयोगच चालवायचा, पण चावी वस्तादांच्या गळ्यात; ते 'निघ' म्हणतील तेव्हा ती हातात यायची आणि मुक्कामी परत जायची. खडकोबाच्या घाटात ती कायमची तुझ्या हातात देईन, असं वस्ताद त्याला चार महिन्यांपूर्वी म्हणाले होते. आज तो घाट समोर होता. माथ्यावरचं शिबिर आटोपलं होतं, पायथ्याला दुसरं मांडायचं होतं. डॉक्टर वैजयंतीबाई जीपनं पुढं गेल्या होत्या.

जाताना त्या नेहमीसारख्या म्हणाल्या होत्या, "खाली चौतीस जण डोळ्यांत थेंब घालून बसतील, उशीर करू नका. आणि इमामचाचा, जगाचे डोळे उघडत फिरता, स्वतःचा कधी देताय? दोन्हीकडं मोतीबिंदू पिकलाय तुमचा."

"महिनाभर डोळा सांभाळत बसलो तर गाडीकडं कोण बघणार, बाई?"

"हा आहे की सुयोग!"

वस्ताद त्यावर गप्प बसले होते. ते गप्प बसणं सुयोगला मिरचीसारखं झोंबलं होतं.

"वस्ताद, निघायचं ना?"

"दिवा कुणी लावला?"

"कुणी म्हणजे? खण बसला की आपोआप लागतो. तुम्हीच तर केलीय ती सोय."

"हं... खण लागताना आवाज ऐकलास?"

"मोटार घरघरत असते, त्यात आवाज कसला ऐकायचा!"

"धप्प असा यायला पाहिजे. आज टक् आला."

आता मात्र सुयोगचं डोकं सरकलं. टक् काय न् धप्प काय! खाली चौतीस माणसं ताटकळतायत आणि इथं म्हातारा पत्र्याला कान लावून बसलाय.

"वस्ताद, तुम्हाला दिवा दिसत नाही, म्हणून तुम्ही आवाजाचं बोलता. मला दिसतोय ना दिवा!"

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण शब्द काही परत घेता येत नाही.

वस्तादांनी मान हलवली. "खरंय तुझं. मला नाही दिसत."

मग त्यांनी काळ्या गोफात ओवलेली चावी गळ्यातून काढली आणि सुयोगच्या हातावर ठेवली.

"घे."

इतक्या सहज? सुयोग बघतच राहिला. चार महिने ज्या चावीसाठी जीव टाकला ती अशी, पानसुपारी द्यावी तशी, हातावर आली होती.

वस्ताद मात्र गाडीत चढले नाहीत. टोपी नीट करून ते उताराला लागले.

"अहो, कुठं निघालात? बसा की गाडीत!"

"तू आण. मी वळणावर थांबतो."

खडकोबाचं पहिलं वळण म्हणजे नुसती चिंचोळी वाट. रस्ता तिथं गर्रकन उजवीकडं वळतो, त्यामुळं उतरणाऱ्या गाडीचा सगळा भार डावीकडं येतो. डावीकडं छातीएवढा दगडी कठडा आणि कठड्यापलीकडं दरी. मोठी गाडी गेली की कठडा आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावतो.

वस्ताद तिथंच जाऊन उभे राहिले. कठड्याला पाठ लावून.

"चल!" खालून हाक आली. "कडेनं घे. माझ्या अगदी जवळनं!"

सुयोगनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. समोर हिरवा दिवा अगदी शांत लागलेला होता.

त्यानं पहिला गिअर टाकला आणि गाडी उताराला लागली.

आता आपण खरं ते सांगून टाकू. तो दिवा शांत का होता, हे जगात एकट्या सुयोगला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी भोंग्यानं उच्छाद मांडला होता. जरा खड्डा आला की बोंब. बाईंचं डोकं उठलं. सुयोगनं पॅनल उघडलं, दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर चिकटपट्टी मारली. डायरेक्ट केलं. भोंगा गप्प आणि दिवा कायमचा हिरवा! बाईंनी तर शाबासकी दिली होती. मिरजेला गेल्यावर स्विच बदलू, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं.

आणि आज निघताना मागचा अडसर भोकात गेला नव्हता. दोनदा ठोकून पाहिला. मग सीटखाली सरकवून दिला. पुढचा आहे की, असं म्हणून.

गाडी पंचवीस पावलं उतरली. आता वस्ताद स्पष्ट दिसू लागले. पांढरा सदरा, पांढरी दाढी. डोळे गाडीकडं, पण त्या डोळ्यांना गाडीचा नुसता ठिपका दिसत असणार.

तेवढ्यात वळणावरून बायका वर येताना दिसल्या. आज पायथ्याचा बाजार. पाच-सहा जणी, डोक्यावर पाट्या आणि बोचकी, गप्पा मारत कठड्याकडेनं चालल्या होत्या. मोठी गाडी बघून त्या सवयीनं कठड्याला चिकटायला निघाल्या.

वस्तादांनी डावा हात आडवा केला. "थांबा गं बायांनो, वळणापलीकडं थांबा. पोराला आधी माझ्याजवळनं जाऊ दे."

बायका मागं सरल्या. वस्ताद तसेच उभे राहिले, एक हात आडवा धरून. किती तो बारीक हात! मनगटाचं हाड लांबूनही दिसत होतं.

सुयोगला पुढचं सगळं दिसलं. वळणावर भार डावीकडं येणार. पुढचा अडसर एकटा. पाऊण टनाचा खण मागच्या अंगानं तोंड उघडणार, आणि तिथं वस्तादांची छाती असणार.

दिवा हिरवाच होता.

त्याचा पाय ब्रेकवर इतक्या जोरात पडला की आतली स्टीलची भांडी खणखणली. हँडब्रेक ओढला.  तो खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला.

"का रं थांबलास?" वस्ताद जागचे हलले नाहीत. "दिवा गेला?"

"नाही... लागलाय."

"मग?"

 बायका वळणाआडून डोकावून बघत होत्या. त्यांच्यासमोर, भर रस्त्यात, सुयोगच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वस्ताद... दिवा मी लावलाय."

वस्तादांनी ऐकलं. शिवी दिली नाही, ओरडले नाहीत. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सुयोगला वाटलं.

"मागं घे," एवढंच ते म्हणाले. बायकांना त्यांनी हातानं वाट दिली. त्या गाडीला लांबून वळसा घालून वर निघून गेल्या.

सुयोगनं गाडी मागं घेत, शिबिर झालं होतं त्या शाळेच्या पटांगणात आणली. वस्ताद चिंचेखालच्या पारावर टेकले.

"सगळं तू करायचं. मी इथनं उठणार नाही. ताटली आण."

ताटली ही वस्तादांची जुनी रीत. पितळी ताटलीत पाणी घालून ती गाडीच्या जमिनीवर ठेवायची. पाणी एका कडेला पळालं तर गाडी तिरकी आहे, आणि तिरक्या गाडीचा खण कधी सरळ बसत नाही. सुयोग आजवर या ताटलीला मनातल्या मनात हसत आला होता. आज घाईत ती काढलीच नव्हती.

पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन काठावरून सांडलं.

"दोन बोटं खाली आहे," सुयोग म्हणाला.

"मला कशाला सांगतोस?"

त्यानं चाकाखाली फळी सारली, गाडी चढवली, पुन्हा ताटली ठेवली. आणखी एक पातळ फळी. मग पाणी सगळीकडं सारखं झालं.

त्यानं खण बाहेर काढला. मागच्या अंगाला मोटार कण्हली. पोटावर पडून, विजेरी दातांत धरून तो खण जिच्यावरून सरकतो ती खालची पट्टी बघू लागला. माती, कापसाचे बोळे, एक औषधाचं झाकण... आणि अगदी टोकाला, दातात अडकल्यासारखा, एक अडकित्ता.

सकाळी एक आजी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं सगळ्यांचं डोकं खात होती, माझा अडकित्ता गेला, माझा अडकित्ता गेला. "घरीच विसरला असाल, आजी," म्हणून सुयोगनंच तिला वाटेला लावलं होतं.

अडकित्ता त्यानं पारावर वस्तादांशेजारी ठेवला. वस्तादांनी तो चाचपला.

पट्टी झाडली, पुसली, ग्रीस लावलं. कडेचं रबर एका ठिकाणी आत मुडपलं होतं, तेही बोटानं सरळ केलं. मग बटण दाबलं. खण आत जाऊ लागला. सुयोगनं स्वतःच्याही नकळत कान पत्र्याला लावला होता.

धप्प!

सीटखालून काढलेला मागचा अडसर बोटानं ढकलला तरी सरकन भोकात गेला. पुढचाही काढून पुन्हा घातला.

मग पॅनल. चिकटपट्टी सोलताना त्याच्या नखाखाली डिंक गेला. पिळलेल्या वायरी सोडवून त्यानं जिथल्या तिथं जोडल्या. भोंगा ठणाणा ओरडला, दिवा लाल झाला. खण तर नीट बसलाय! सुयोगनं स्विच उघडला. आतली स्प्रिंग धुळीनं चिकटली होती. ब्रश मारून, पुसून तो परत बसवला. भोंगा थांबला आणि दिवा हिरवा झाला.

म्हणजे आठ दिवसांपूर्वी ब्रशाचं काम होतं. दहा मिनिटांचं.

"झालं, वस्ताद."

वस्ताद उठले आणि पुन्हा उताराला लागले.

"नका ना, वस्ताद!" सुयोग मागं धावला. "नका तिथं उभे राहू. पाया पडतो."

"का? आता बसलाय ना खण?"

"बसलाय."

"मग?"

"बसलाय हो... तरी नका."

वस्ताद थांबले नाहीत.

सुयोग गाडीत बसला आणि पुन्हा उतरला. खणाच्या चारी कडांवरून त्यानं तळहात फिरवला. दोन्ही अडसर हलवून पाहिले. मग चढला. वळणाच्या अलीकडं गाडी थांबवून पुन्हा एकदा उतरला, पुन्हा हात फिरवला. एक वाजून गेला होता, पण घड्याळाकडं त्याचं लक्षच नव्हतं.

माणूस चालेल इतक्या वेगानं गाडी वळली. सगळा भार डावीकडं आला. आरशात पांढरा सदरा जवळ आला, पत्र्याला भिडल्यासारखा झाला... आणि मागं गेला. खण केसभरही हलला नव्हता.

वळणापलीकडं गाडी उभी करून सुयोग खाली उतरला.  वस्ताद कठड्याला हात लावत लावत खाली येत होते. त्यानं गोफातली चावी त्यांच्यापुढं धरली.

"ठेवा तुमच्याकडंच. मला नाही जमायचं. सगळं बघितलं, चारदा बघितलं, तरी माझी छाती धडधडतीय. भीती वाटतीय मला, वस्ताद."

वस्तादांनी चावीकडं हात केला नाही. दांडा चाचपत ते गाडीत चढले, सुयोगच्या शेजारच्या सीटवर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी दोन्ही डोळे पुसले, सावकाश, एकामागून एक.

"वस्ताद... ऐकलंत ना मी काय म्हणालो?"

"ऐकलं. जरा फोन लाव खाली. बाईंना विचार, चौतिसाचे पस्तीस करता येतील का."