जाखाईच्या तळ्यावरची हाक

कळसगावच्या जाखाईच्या तळ्यात उतरलात की डावीकडच्या दगडी भिंतीवर एक आडवी रेघ दिसते आणि तिच्याखाली ओळीने कोरलेली क, ख, ग ही अक्षरे. पाहुणे विचारतात, इथे शाळा भरायची का? शाळा कसली! ते राघोजी तांबटाचे काम.

राघोजीची एकुलती एक लेक भागी तान्ही असताना तापाने फणफणली. तेव्हा तो जाखाईला नवस बोलला, असे सांगतात. "आई, लेक वाचव. तुझी पोथी छापायला अक्षरं मी घडवीन. अक्षरं पुरी होईपर्यंत हिला नावानं हाक मारणार नाही." छापखाने तेव्हा नवेनवे होते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, घडवणे भांड्यावर नाव घालण्याइतके सोपे, असे त्या भल्या माणसाला वाटले. लेक वाचली, बाप अडकला.

आधी कागदावर अक्षर काढायचे, मग धातूत कोरायचे. एकेकटे पाहावे तर प्रत्येक अक्षर देखणे. पण ओळ छापली की सगळी वरखाली, आणि डोक्यावरची रेघ जागोजागी तुटलेली. तो उंची वाढवी, कमी करी, पुन्हा खोडी. भागी चालू लागली, बोलू लागली, तळ्यावरून पाणी आणू लागली. बाप तिला टाळी वाजवून बोलवायचा. लग्न ठरले तसा त्याच्या जिवाला घोर लागला. हाक न मारताच लेक सासरी जाणार, या विचाराने तो रात्रीही कोरत बसू लागला.

चूक नीट दिसावी म्हणून त्याने गेरूने तळ्याच्या भिंतीवर मोठाली अक्षरे काढली. भर उन्हाळ्यात तळ्याचे पाणी, म्हणे, एकाएकी वर चढले आणि सगळी अक्षरे धुऊन गेले. राघोजी डोके धरून मटकन बसला. पाणी ओसरले तेव्हा भिंतीवर ओलाव्याची सरळ रेघ उरली होती, अक्षरांची डोकी होती तिथेच. तेव्हा त्याला कळले. तांबटच तो, भांडे बुडावर नीट बसते का एवढेच जन्मभर पाहिलेले. अक्षरेही त्याने बुडावरच बसवली होती. ती वरच्या रेघेला टांगायची होती.

त्याने सगळी पुन्हा काढली, पुन्हा कोरली. शेवटचा 'ज्ञ' हातावेगळा झाला तेव्हा लग्न लागून गेले होते आणि भागीची बैलगाडी तळ्याची कड ओलांडत होती. राघोजी धावत सुटला.

"भागी! अगं भागी!"

ती वळली नाही. बापाच्या तोंडून आपले नाव तिने कधी ऐकलेच नव्हते; कोणी दुसऱ्याच भागीला बोलावतेय असे तिला वाटले. राघोजी गाडीमागे आणखी जोरात धावला.

"भागे, मी गं! तुझा बाबा!"

तेव्हा तिने चालत्या गाडीतून उडी टाकली.

पुढे गावाने ती रेघ आणि तिच्याखाली राघोजीची अक्षरे पाथरवटाकडून भिंतीवर कोरून घेतली. आजही कळसगावची लेक सासरी निघाली की बाप तळ्याकाठी उभा राहून दोनदा हाक मारतो. पहिल्या हाकेला लेक वळत नाही, तशी रीतच आहे. दुसरीला वळणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती हाक मारताना भल्याभल्या बापांचा आवाज फाटतो.