दवंडी ऐकलीत ना?

एका नदीकाठच्या नगरीत सुभानजी नावाचा एक दवंडीवाला राहत होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की त्याने पेठेत ‘ऐका हो ऐका’ म्हटले की दुकानदारांचे तराजू हातातच थांबत. सुभानजीला आपल्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता. बायको म्हणायची, “घरात तरी हळू बोला. मी एकटी आहे, नगरी नाही.”

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. खालच्या गावांतल्या विहिरींनी तळ गाठला. तेव्हा राजाने ठरवले, नगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या तलावाचे दरवाजे उघडायचे आणि नदीतून खाली पाणी सोडायचे. पण नदीचे पात्र मोकळे नव्हते. दर उन्हाळ्यात काही कुटुंबे तिथल्या वाळूत टरबुजांचे मळे लावत आणि मळ्यातच खोपी घालून राहत. पाणी अवचित आले असते तर फळे गेली असती आणि माणसेही. म्हणून राजाने दवंडी पिटायला सांगितली: अमावास्येला सकाळी पाणी सुटेल, त्याआधी पात्र रिकामे करा.

सुभानजीने दवंडी पिटली. चावडीपुढे पिटली, देवळापाशी पिटली, पेठेच्या तोंडाशी पिटली आणि शेवटी घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून नदीकडे तोंड करून पिटली. त्याचे आजोबा याच जागांवर उभे राहत, वडीलही तिथेच. त्यापुढे एखादे पाऊल टाकावे असे तीन पिढ्यांत कोणाला वाटले नव्हते.

राजा मात्र सावध माणूस होता. तो म्हणाला, “सुभानजी, तू दवंडी पिटलीस हे मला माहीत आहे. ती पोचली का, ते मला हवं आहे. लोकांत जा, शोध घे आणि मला सांग. सगळ्यांना पोचली असेल तर भर दरबारात तुला शेला देईन.”

शेला जरीकाठी होता, मोरपंखी रंगाचा. सुभानजीने तो पाहिला आणि त्याचे अर्धे मन तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो शोध घ्यायला निघाला. गळ्यात हलगी, डोक्याला दरबारी पागोटे, छातीवर राजाचा पितळी बिल्ला. दिसेल त्याला थांबवून विचारी, “काय हो, दवंडी नीट ऐकलीत ना?” माणूस बिल्ल्याकडे बघे आणि म्हणे, “ऐकली की!” एक सराफ तर म्हणाला, “तुमचा आवाज आणि ऐकू येणार नाही? काहीतरीच काय सुभानजीराव!” मग तो वाळूत उतरला. खोपींतून माणसे बाहेर आली, त्यांनी हात जोडले. “ऐकली जी,” सगळे एका सुरात म्हणाले. साऱ्या नगरीत ‘नाही’ म्हणणारा एकही माणूस सापडला नाही. झाला की शोध! सुभानजीची स्वारी खूश झाली.

दुपारचे ऊन डोक्यावर आले होते. त्याने हलगी, पागोटे आणि बिल्ला एका दगडावर काढून ठेवले, नदीच्या उरलेल्या धारेत अंग बुडवले आणि ओल्या धोतरानिशी जवळच्या खोपीच्या सावलीत येऊन बसला. चांगुणाबाई नावाची एक म्हातारी तिथे टरबुजांवर पाला पसरत होती. सकाळी हात जोडणाऱ्यांत तीही होती. पण उघड्या डोक्याच्या या माणसाला तिने ओळखले नाही. तिने त्याला तांब्याभर पाणी दिले.

सुभानजीला आपली स्तुती पुन्हा एकदा ऐकायची होती. त्याने सहज विचारावे तसे विचारले, “आजी, परवा दवंडी झाली. कसा काय होता आवाज?”

“झकास. आभाळ गरजल्यावाणी.”

सुभानजी सुखावला. “आणि सांगितलं काय त्यानं?”

“आता ते काय की!” म्हातारी म्हणाली. “हितं वारं किती असतं. हलगी तेवढी ऐकू येती, बोलणं काय न्हाई येत. हरवलं असंल कुणाचं तरी जनावर.”

सुभानजीने तांब्या खाली ठेवला. “मग सकाळी दरबारचा माणूस आला, त्याला हो कशाला म्हणालीस?”

“त्यानं इचारलं, ऐकली ना? तर हलगी ऐकलीच हुती की. अन् बिल्लेवाल्याला न्हाई म्हटलं म्हंजी फुडं धा सवाल. हो म्हटलं की जातो बिचारा आपल्या वाटेनं.”

‘बिचारा’ हा शब्द सुभानजीला झोंबला. पण झोंबण्यापेक्षा भीती मोठी होती. अमावास्या परवावर आली होती. त्याने तिला दवंडीतला निरोप सांगितला. चांगुणाबाईने मळ्याकडे नजर फिरवली आणि ती मटकन खाली बसली. “अरं देवा! एवढी फळं परवापत्तुर कशी निघायची? चार दिस तरी पायजेत.”

एकच म्हातारी आहे, बाकीच्यांना कळले असेल, असे सुभानजीने मनाला समजावून पाहिले. मन ऐकेना. मग तो उठला. हलगी, पागोटे आणि बिल्ला पंच्यात गुंडाळून त्याने काखोटीला मारले आणि तो साधा माणूस होऊन पुन्हा नगरीभर फिरला. सकाळी जे वाटेत भेटले नव्हते, त्यांच्याकडेही गेला. या खेपेला ‘ऐकलीत ना’ म्हणायचे नाही, एवढे त्याने ठरवले होते. तो विचारी, “दवंडीत काय सांगितलं हो?” आणि गप्प उभा राही. गप्प उभे राहणे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच जमत होते. पेठेतल्या लोकांनी बरोबर सांगितले. कुंभारवाड्यात म्हणाले, तलाव उपसणार आहेत, मासे फुकट मिळतील. वाळूत तर कोणाचे जनावर हरवले होते, कोणाला नवा कर लागला होता, आणि एक जण राजकन्येच्या लग्नात पंगतीला काय आहे ते विचारत होता. ज्यांचा जीव धोक्यात होता, नेमके तेच अंधारात होते. त्यांना त्याने खरा निरोप तिथल्या तिथे सांगितला.

संध्याकाळी तो दरबाराकडे निघाला. वाटेत त्याच्या मनाने एक सोपी वाट काढली. वाळूतल्यांना आता कळलेच आहे. ते जीव वाचवतील. फळे जातील, पण त्याचा ठपका आपल्यावर कशाला येईल? सगळे हो म्हणाले, एवढे सांगितले तर ते खोटेही नाही. मोरपंखी शेला त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पण त्यामागे मटकन खाली बसलेली ती म्हातारीही दिसत होती.

दरबारात शेला तबकात ठेवलेला होता. राजाने विचारले, “काय सुभानजी, काय कळलं?”

“महाराज, सगळे हो म्हणाले,” सुभानजी म्हणाला. “पण दवंडी पोचलेली नाही.”

दरबारी हसले. राजा हसला नाही. “पोचली नाही, तर हो कसे म्हणाले?”

“मी विचारलंच तसं, महाराज. बिल्ला लावून, ‘ऐकलीत ना’ म्हणून. मला हो ऐकायचं होतं, त्यांनी मला हो दिलं. मग बिल्ला काढला आणि काय ऐकलंत ते विचारलं. वाळूत माझी हलगी पोचली आहे, तुमचा निरोप पोचलेला नाही. त्यांना मळे उचलायला चार दिवस द्या.”

राजाने तबकाकडे बोट दाखवले. “मग या शेल्याचं काय करायचं?”

“मला तो फार हवा होता, महाराज,” सुभानजी म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज कधी नव्हे तो बसला होता.

राजाने तबक आत पाठवले. सुभानजीला खरोखर वाईट वाटले. मग राजा म्हणाला, “पाणी चार दिवस पुढे ढकला. तोवर खालच्या गावांना गाड्यांनी पाणी पोचवा. आणि सुभानजी, शेला दवंडी पोचली तर द्यायचा होता, ती पोचली नाही. पण यापुढे या राज्यात कसलाही शोध घ्यायचा असला, की तो तूच घ्यायचास.”

दुसऱ्या दिवशी सुभानजी घाटाच्या पायरीवर थांबला नाही. थेट वाळूत उतरला. खोपीखोपीपुढे बसून त्याने पाणी सुटण्याच्या नव्या दिवसाचा निरोप सांगितला आणि प्रत्येकाला म्हणाला, “आता मी काय बोललो, ते तुम्ही मला सांगा.” चुकले तिथे पुन्हा सांगितले. ठरल्या दिवशी तलावाचे दरवाजे उघडले. पाणी खळाळत आले तेव्हा पात्रात चिटपाखरू नव्हते, आणि घाटावर टरबुजांचे ढीग लागले होते.

त्या ढिगांपाशी चांगुणाबाई बसली होती. तिने सुभानजीला हाक मारून टरबुजाची एक फोड दिली. तो पहिला घास घेतो तोच तिने विचारले, “ग्वाड हाय न्हवं?”

सुभानजी हसायला लागला. “आजी, असं विचारलंस तर मी होच म्हणणार. कसं आहे, ते विचार.”

“बरं बाबा. कसं हाय?”

त्याने घास नीट चावून खाल्ला. “जरा कच्चं आहे.”

“मलाबी तसंच वाटलं,” म्हातारी म्हणाली, आणि तिने ढिगातले दुसरे, पिकलेले टरबूज त्याच्यासाठी कापायला घेतले.

तात्पर्य: आपल्याला हवे तेच उत्तर मिळेल असा प्रश्न विचारू नये, खरे शोधायचे असेल तर मोकळा प्रश्न विचारावा, आणि हाती आलेले उत्तर आपल्या तोट्याचे असले तरी तेच सांगावे.