पहिल्या तिफणीचा मान

एका कोरडवाहू गावात एक मानकरी शेतकरी होता. मान कसला, तर पेरणीचा! मृग निघाला की पहिली तिफण त्याच्या रानात चालायची, मगच सगळं गाव पेरायचं. आजोबापासूनची रीत. गडी त्या दिवशी फेटा बांधून नुसता मिरवायचा.

पण पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. मृगात चार थेंब टाकायचा आणि महिनाभर तोंड दाखवायचा नाही. लागोपाठ दोन वर्षं गावाला दुबार पेरावं लागलं. तिसऱ्या वर्षी घराघरांत एकदाच पेरण्यापुरतं बी उरलं.

मृग निघाला. सकाळी एक सर पडून गेली. शेतकऱ्याच्या बायकोने रानात जाऊन मातीत हात खुपसला.

"अहो, ओल चारच बोटं आहे. खाली सगळा फुफाटा! वीतभर ओल जाऊ द्या, मग पेरा. उशीर झालाच तर मी हुलगा राखून ठेवलाय, तो थोड्या पावसावर येतो."

शेतकऱ्यानेही हात घालून पाहिला. बायको खरं बोलत होती. पण बांधापलीकडे सगळं गाव बैल जुंपून उभं होतं.

"काय मालक, धरायची ना तिफण?" शेजाऱ्याने हाक दिली.

आज थांबलो तर मान गेला, असं त्याच्या मनात आलं. मातीचा हात त्याने धोतराला पुसला आणि ओरडला, "धरा! ओल झकास आहे!"

बी उगवलं, आठ दिवस हिरवं दिसलं आणि करपून गेलं. पाऊस आला तो महिन्याने. तोवर कुणाच्या घरात पेरायला दाणा नव्हता. बायकोने हुलगा मूठमूठ वाटला, पण तो कुणाकुणाला पुरणार?

एकेक घर बैल विकून गाव सोडू लागलं. शेजारी निघताना म्हणाला, "मालक, तुमच्या हातावर भरवसा ठेवला हो. आम्ही आमचा हात मातीत घातलाच नाही." शेतकऱ्याला खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण त्याने नुसतं शेजाऱ्याचं गाठोडं उचलून त्याच्या डोक्यावर दिलं.

पुढच्या मृगाला तो फेटा न बांधताच रानात गेला. मातीत हात घातला, तर चांगली वीतभर ओल! त्याने आपल्या वाट्याच्या मुठीतून पिकलेला हुलगा तिफणीत घातला आणि सवयीने वळून हाक दिली, "धरा रे!"

बांधापलीकडे कुणीच नव्हतं. त्या वर्षी गावात पहिली तिफण त्याचीच चालली, आणि शेवटचीही त्याचीच.

तात्पर्य काय, तर पाऊस बदलला की रीतही बदलावी. आणि ज्याच्या मागे गाव चालतं, त्याने आपला मान बघू नये, माती बघावी.