पेनड्राइव्ह काढल्यावर

“म्हणजे मला हाकलताय?”

हृषीकेशचा आवाज मठाच्या ओसरीभर घुमला. सदूबाबा शेंगा सोलत बसले होते.

“हाकलत नाही. डोंगरापलीकडच्या शाळेत धाडतोय. तिथंही असेच जुने संगणक धूळ खात पडलेत.”

“आणि इथलं?”

“इथलं सुनंदा बघेल.”

हृषीकेशच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी भंगारात काढलेले हे संगणक मठात आले, तेव्हा त्यांच्या आतल्या डिस्क मेलेल्या होत्या. त्यानंच एका पेनड्राइव्हवर हलकीफुलकी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि तो लावून एकेक डबडं जिवंत केलं. सुनंदाला माउस धरायलाही त्यानंच शिकवलं. आणि आता त्याच्या खुर्चीत ती?

“राबलो मी, बाबा! आणि मलाच बाहेरचा रस्ता?”

बाबा शेंगा सोलत राहिले...

ते पाहून तो जास्तच भडकला. तरातरा आत गेला. सुनंदा टाइप करत होती. तिच्या संगणकाचा पेनड्राइव्ह त्यानं खसकन उपटला.

“घ्या! चालवा आता माझ्यावाचून!”

...

पडदा विझला नाही. सुनंदाची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. अक्षरं उमटत राहिली.

हृषीकेशची कानशिलं तापली. या जुन्या यंत्रांत पेनड्राइव्ह सैल बसायचा, जरा धक्का लागला की सगळं बंद पडायचं. म्हणून सुरू होतानाच सारी सिस्टिम संगणकाच्याच मेमरीत चढावी, नंतर पेनड्राइव्ह काढला तरी अडू नये, अशी सोय त्यानंच केली होती. रागाच्या भरात शहाणा आपलीच करणी विसरला.

“उद्या सकाळी सुरू कसं करशील गं?”

“दुसरा करून ठेवलाय, दादा. तुम्हीच शिकवलंत की.”

तो पाय आपटत बाहेर आला. राग तसाच होता, फक्त तो कुणावर काढावा हे आता कळेना.

“जातो! पण तिथं अडलं तर विचारू कुणाला? तुम्ही थोडेच असणार आहात तिथं!”

बाबांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली.

रोजच्या सवयीनं तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बाबांनी पाय मागे घेतले.

“आता मीही काढून बघतो... चालतोस का.”