तळपायाचा लेप

किल्लेदार हैबतरावांचा गुडघा सुजला होता. गडावर औषधपाणी करणाऱ्या येसाक्काने काढा पुढे केला, तसे ते गरजले, "दुखतोय गुडघा आणि औषध तोंडात? ते तिथवर पोचतं हे आत्ता दाखव, नाहीतर गड उतर!"

येसाक्काने त्यांच्या तळपायाला लेप बांधला.

दोन घटकांनी हैबतरावांच्या बाईसाहेब आल्या आणि नवऱ्याच्या तोंडाचा वास येताच त्यांनी नाकाला पदर लावला. "अगं बाई! चातुर्मासात लसूण खाल्लात?"

"शपथेवर सांगतो, लसणाला शिवलोसुद्धा नाही!"

"खरंय सरकार," येसाक्का म्हणाली, "लसूण त्या लेपात आहे. रक्ताने तो तळपायापासून तोंडापर्यंत वाहून आणला. एवढा चढ चढणाऱ्याला काढा घेऊन गुडघ्यापर्यंत उतरणं जड जाईल होय?"

हैबतरावांनी काढा घटाघटा संपवला. गड उतरायचं मग कुणी बोललंच नाही.